जुना लॅपटॉप छोटा घ्यावा की मोठा? १२.५ इंची आणि १५.६ इंची दोन्ही वापरून लिहितेय

सरळच सांगते. कामासाठी फिरणं असेल आणि घरी एक टेबल-खुर्ची मांडायला जागा असेल तर जुना १२.५ इंची लॅपटॉप घ्या आणि घरासाठी वेगळा मॉनिटर घ्या, २२ किंवा २४ इंची, तोही जुना चालेल. बहुतेक लोक १५.६ इंची एकच घेतात, की घरीपण होईल आणि बाहेरपण होईल. दुकानात गेलं की पहिला तोच समोर ठेवतात. पण तो प्रवासात जड होतो, आणि घरी टेबलावर बसून दिवसभर काम करायचं म्हटलं तर त्याचीही स्क्रीन शेवटी लहानच पडते.

माझं काम अकाउंट्स आणि ऑडिटचं. राहते पुण्यात, क्लायंट सांगली-कोल्हापूरकडे, सोलापूरला, थोडे मुंबईत. दिवसभर एक्सेल, टॅली, जीएसटीचं पोर्टल, बँक स्टेटमेंटच्या लांबलचक पीडीएफ आणि ब्राउजरमधे उघडे राहिलेले ढीगभर टॅब. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. घरात दोन्ही आकाराचे जुने लॅपटॉप आहेत, एकाच कंपनीचे, दोन्ही २०१८ च्या सुमाराचे, दोघांत इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला बोलायचंय ते आकाराबद्दल. आतला माल सारखाच असल्यामुळे जो फरक जाणवला तो आकाराचाच, आणि अशी तुलना सहसा करायला मिळत नाही, लोक दहा वर्षं जुना छोटा आणि तीन वर्षं जुना मोठा शेजारी ठेवतात आणि मग मोठा फास्ट असतो म्हणतात.

तर आधी तेच. मोठा लॅपटॉप म्हणजे पॉवरफुल लॅपटॉप हे ऑफिसच्या लॅपटॉपांत, म्हणजे ज्याला बिझनेस सिरीज म्हणतात त्यात, खरं नसतं. १२.५ इंची, १४ इंची, १५.६ इंची, तिन्हीत बहुतेक वेळा तोच यू अक्षराचा १५ वॅटचा प्रोसेसर असतो, आय-फाईव्ह ८२५०यू किंवा ८३५०यू, चार कोर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग) आणि आठ थ्रेड. त्याच्या आधीच्या सातव्या पिढीत याच जातीच्या आय-फाईव्हला दोनच कोर होते. म्हणजे मोठी उडी पिढी बदलली तेव्हा पडली, इंच वाढवून ती मिळत नाही. मोठ्या बॉडीत हवा खेळायला जागा जास्त, त्यामुळे सलग बराच वेळ लोड दिला तर मोठा जरा जास्त वेळ वेग धरून ठेवतो आणि फॅन कमी ओरडतो, हे मात्र आहे. पण एक्सेलची फाईल उघडणं, पिव्होट रिफ्रेश करणं, टॅलीचा डेटा लोड करणं ही कामं काही सेकंदांची, त्यात दोन्ही शेजारी ठेवले तरी फरक कळत नाही. ज्यांना खरोखर ४५ वॅटचा एच किंवा एचक्यू वाला प्रोसेसर लागतो, कॅडवाले, व्हिडिओवाले, त्यांना लेनोव्होच्या थिंकपॅड पी५१ सारख्या वर्कस्टेशनकडे जावं लागतं, ते अडीच किलोच्या घरात आणि चार्जरही जाडजूड, त्यांना हा लेख उपयोगाचा नाही.

छोट्यात अडचण येते ती रॅमची. १२.५ इंचीत बऱ्याच मॉडेलमधे रॅमचा स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायची खाच, एकच असतो, १५.६ आणि १४ मधे सहसा दोन. आणि काही छोट्यांत तर स्लॉटच नाही, रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, जशी थिंकपॅड एक्स२८० मधे. म्हणजे ८ जीबीचा आला तर तो कायम ८ जीबीचाच राहणार. त्यामुळे छोटा घेताना "नंतर रॅम वाढवू" हा विचार मॉडेल नंबर बघितल्याशिवाय करू नका, सोल्डर वाला असेल तर १६ जीबी चाच शोधा नाहीतर सोडून द्या. ८ जीबी आजच्या ब्राउजरला पुरत नाही हो, उघडतं सगळं, पण टॅली आणि पोर्टल आणि पीडीएफ एकत्र चालू केलं की अडखळायला लागतं.

आता वजन. कागदावर छोटा सव्वा किलोच्या आसपास आणि मोठा दोन किलोच्या आसपास. पाऊण किलोचा फरक वाचताना काहीच वाटत नाही, पण आमच्या कामात लॅपटॉप एकटा कधी नसतो, सोबत फाईली, व्हाउचरचे गठ्ठे, पाण्याची बाटली, डबा. शिवाय १५.६ ला तेवढी रुंद सॅक लागते, ती पाठीवर असताना मुंबईच्या लोकलमधे शिरायचं म्हणजे आपल्याला तर त्रास आहेच पण मागच्यापुढच्यांनापण आहे, आणि सॅक पुढे घेतली की खाली काही दिसत नाही. छोटा साध्या पर्ससारख्या मोठ्या बॅगेत बसतो, वेगळी लॅपटॉप बॅग लागतच नाही. बायकांनी हा मुद्दा नक्की धरावा, रात्री स्वारगेटला उतरल्यावर अंगावर लॅपटॉपची बॅग आहे हे लांबून कळू नये असं मला तरी वाटतं. विमानाने जाणाऱ्यांना देशांतर्गत इकॉनॉमीत हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते, त्यात दोन किलो आणि वर चार्जर गेला तर कपड्यांना राहतं काय.

आणि मुख्य म्हणजे प्रवासात उघडून काम करता येतं का. माझा मोठा लॅपटॉप प्रवासात सोबत असायचा पण उघडला जायचाच नाही. एसटीत किंवा शिवनेरीत पुढच्या माणसाने सीट मागे घेतली की १५.६ ची स्क्रीन पूर्ण उघडत नाही, अर्धवट कोनात ठेवून मान वाकवून बघावं लागतं, आणि पुढचा अचानक मागे टेकला तर स्क्रीनची वरची कड सीटखाली दाबली जाते ही भीती वेगळी. हीच गोष्ट विमानातल्या ट्रेची. चेअर कारमधे, मग ती डेक्कन क्वीन असो की वंदे भारत, पुढच्या सीटमागचा ट्रे छोटा असतो, त्यावर मोठा लॅपटॉप ठेवला की माऊसचं सोडा चहाचा कपही राहत नाही, आणि कोपरं शेजारच्याच्या अंगात जातात. छोटा त्याच ट्रेवर नीट बसतो, चहाला जागा उरते, स्क्रीन हवी तेवढी उघडते. सोलापूरहून परत येताना मी आता गाडीतच वर्किंग पेपर पूर्ण करते, घरी आल्यावर उघडायची गरज राहत नाही, आणि हे मोठ्या लॅपटॉपबरोबर कधीच झालं नव्हतं. स्लीपर किंवा थ्री एसीत वरच्या बर्थवर पालथं पडून काम करायचं तर तिथेही छोटाच, कारण वर बसायला उंची नसते.

क्लायंटच्या ऑफिसातही तेच. आम्हा ऑडिटवाल्यांना केबिन कोण देणार, टेबलाचा एक कोपरा मिळतो, त्यावर त्यांचा प्रिंटर, फाईली आणि आमच्यातले दोघंतिघं. तिथे छोटा लॅपटॉप आणि शेजारी उघडी फाईल दोन्ही बसतं.

पण स्क्रीन लहान आहे हे लहानच आहे, त्यात सारवासारव नको. १२.५ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप, प्रत्यक्षात स्क्रीन साधारण २७.७ सेंटिमीटर रुंद आणि १५.६ सेंटिमीटर उंच असते. १५.६ इंचीची ३४.५ रुंद आणि १९.४ उंच. क्षेत्रफळ काढलं तर मोठी स्क्रीन छोटीच्या दीडपटीहून जास्त आहे. नुसते इंच ऐकून एवढा फरक लक्षात येत नाही, दुकानात दोन्ही शेजारी उघडून ठेवायला सांगा.

आणि इथे रेझोल्यूशन नीट बघायचं. जुन्या लॅपटॉपांत एकाच मॉडेलमधे दोन प्रकारच्या स्क्रीन येतात, १३६६ बाय ७६८ आणि १९२० बाय १०८०. १५.६ वर १३६६ वाली असेल तर अक्षरं मोठी पण फाटलेली दिसतात, एक्सेलचे रकाने कमी मावतात, म्हणजे मोठी स्क्रीन घेऊन फायदा काहीच नाही, फक्त सगळं फुगवून दाखवतात. अशा घेऊच नका. १२.५ वर १९२० वाली असेल तर उलट होतं, सगळं मावतं पण अक्षर इतकं बारीक की विंडोजमधे स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के करावं लागतं. १५० केलं की प्रत्यक्षात जागा १२८० बाय ७२० एवढीच उरते, पण अक्षर धारदार राहतं, आणि मराठी वाचताना ही धार फार लागते. इंग्रजी अक्षर बारीक असलं तरी ओळखू येतं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरात अर्धं अक्षर, हे बारीक स्क्रीनवर एकमेकांत मिसळतं. ग्रामपंचायतीच्या नाहीतर सोसायटीच्या मराठी ठरावांची स्कॅन केलेली पीडीएफ १३६६ वाल्या स्क्रीनवर वाचून बघा म्हणजे कळेल. मी छोट्यात १९२० वालीच घ्या म्हणेन, थोडे पैसे जास्त गेले तरी, आणि शक्य असेल तर आयपीएस पॅनेलवाली, कारण साध्या पॅनेलवर थोडं बाजूने बघितलं की रंग उडतो आणि गाडीत लॅपटॉप कधी बरोब्बर समोर नसतो.

चाळिशी लागलेल्यांनी मात्र छोटी स्क्रीन हातात घेऊन, आपला नेहमीचा चष्मा लावून, दहा मिनिटं तरी काहीतरी वाचून बघावं. दुकानात उभ्याने बघितलेलं आणि रोज बसून बघायचं यात फरक असतो. माझ्या मोठ्या भावाला १२.५ जमलाच नाही, त्याचं डोकं दुखायला लागायचं, त्याच्यासाठी मोठाच बरोबर आहे.

कीबोर्डबद्दल दोन गोष्टी, एक मोठ्याच्या बाजूची आणि एक कुणीच बोलत नाही ती. मोठ्याच्या बाजूची म्हणजे नमपॅड, कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांच्या बटणांचा वेगळा गट. टॅलीत व्हाउचर टाकणाऱ्याला नमपॅड हवाच, उजव्या हाताची बोटं आकड्यांवर आपोआप चालतात, वरच्या ओळीतले आकडे मारत बसलं तर वेळ दुप्पट जातो. १५.६ च्या बहुतेक बिझनेस मॉडेलला नमपॅड असतो, १४ आणि १२.५ ला नसतो. पण यूएसबीचा वेगळा नमपॅड काही शे रुपयांत मिळतो, खिशात मावतो, मी तोच ठेवते, आणि पाहिजे तिकडे, अगदी डाव्या बाजूलाही ठेवता येतो. आणि नमपॅडवाल्या लॅपटॉपमधे एक खटकतं, नमपॅडमुळे मुख्य कीबोर्ड आणि टचपॅड डावीकडे सरकतो, म्हणजे स्क्रीन समोर आणि हात डावीकडे, दिवसभर टायपिंग केलं की खांदा सांगतो.

दुसरी गोष्ट मराठी टाईप करणाऱ्यांसाठी. छोट्या लॅपटॉपवर मधली अक्षरांची बटणं जवळपास नेहमीच्याच मापाची असतात, बोटं अडत नाहीत, पण जागा वाचवायला उजव्या कडेची बटणं काही मॉडेलमधे बारीक केलेली असतात. इंग्रजीत तिथे कंस आणि विरामचिन्हं असतात म्हणून कुणाला फरक पडत नाही. इनस्क्रिप्टमधे (मराठी टायपिंगच्या सरकारी प्रमाण कीबोर्डमधे) मात्र ट, ड आणि ऑफिसच्या ऑ ची चंद्राची मात्रा तिथेच आहेत! टक्केवारी, डेबिट, ऑडिट, सगळं त्या कडेवर. त्यामुळे इनस्क्रिप्टवाल्यांनी दुकानात दोन ओळी मराठी टाईप करून बघा. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगने मराठी टाईप करणाऱ्यांना, हा प्रश्न नाही.

पोर्टच्या बाबतीत जुने लॅपटॉप, छोटे काय मोठे काय, नव्या चपट्या लॅपटॉपांपेक्षा माझ्या कामाला जास्त बरे आहेत. डिजिटल सहीचं डाँगल जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं, तेच नवीन पातळ लॅपटॉपला लावायला अडॅप्टर शोधा. क्लायंटकडे वायफायचा पासवर्ड कुणाला माहीत नसतो पण लॅनची वायर भिंतीतून आलेली असते. २०१८ च्या सुमाराच्या बिझनेस मॉडेलमधे चौकोनी यूएसबी, एचडीएमआय आणि बहुतेकांत लॅनचा पोर्टही मिळतो, १२.५ इंचीतसुद्धा, फक्त काही अगदी पातळ मॉडेलांत लॅनला वेगळी अडॅप्टरची शेपटी लागते. मोठ्यांपैकी काहींत जुना निळा व्हीजीए पोर्टपण आहे, तालुक्याच्या ठिकाणी जुना प्रोजेक्टर असेल तर तो कामी येतो.

त्या काळातल्या चांगल्या मॉडेलांत यूएसबी-सी ने चार्जिंग होतं. ६५ वॅटचा एक चार्जर घ्यायचा, त्यावर लॅपटॉपपण आणि मोबाईलपण, बॅगेतला जुना काळा वीट-चार्जर आणि त्याची जाड थ्री पिन केबल घरी राहते. छोट्या लॅपटॉपला तर ४५ वॅटवरही बऱ्याचदा भागतं, चार्ज हळू होतो इतकंच. थिंकपॅड टी४८० आणि त्याच्या बरोबरच्या काही मॉडेलांत थंडरबोल्टच्या जुन्या फर्मवेअरमुळे (त्या पोर्टला चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममुळे) यूएसबी-सी चा पोर्ट नीट चालेनासा होऊ शकतो ही माहितीतली गोष्ट आहे, कंपनीने २०१९ मधे त्यावर अपडेट काढलं, तेव्हा घेतल्या घेतल्या पहिलं ते अपडेट मारा.

बॅटरीत मोठा लॅपटॉप जिंकेल असं वाटतं, पण मोठी स्क्रीन उजळायलाही जास्त वीज लागते. बघायचा आकडा वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा. छोट्यात साधारण ४० ते ६० वॉट-अवर, मोठ्यात ५० ते ९० च्या दरम्यान काहीही. थिंकपॅडच्या एक्स२७०, टी४७०, टी४८० मधे एक बॅटरी आत आणि एक मागे बाहेरून लावायची असते, बाहेरची काढून दुसरी लावेपर्यंत आतली चालते, लॅपटॉप बंद करावा लागत नाही. टी४८० ला मागे ७२ वॉट-अवरची बॅटरी लागते, आतली २४ धरून ९६. दिवसभर प्लग न शोधता काम करायचं तर याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त ती बॅटरी खाली जाड येते आणि लॅपटॉप मागून उचलला जातो, टायपिंगला ते उलट बरंच वाटतं. सुटी बॅटरी किंवा पॉवरबँक विमानात नेताना हातातल्या बॅगेतच, चेक-इनमधे नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आतली असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. २० हजार एमएएचची पॉवरबँक साधारण ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे बसते.

बाकी सहासात वर्षं जुनी बॅटरी म्हणजे थकलेलीच येणार, छोट्यात आली काय आणि मोठ्यात आली काय. नवीन बॅटरीचे पैसे आधीच किमतीत धरा.

आता घरचं सांगते, कारण छोट्याचा खरा उपयोग मला तिथे कळला. घरी आल्यावर छोटा लॅपटॉप एक एचडीएमआय केबल लावून २४ इंची मॉनिटरला जोडायचा, साधा कीबोर्ड, नमपॅड, माऊस. मॉनिटरवर एक्सेल, लॅपटॉपच्या स्क्रीनवर पीडीएफ. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेची आणि आपली नोंद जुळवणं, करताना एकीकडे स्टेटमेंट आणि एकीकडे लेजर उघडं ठेवता येणं हा एवढा मोठा फरक आहे की एकदा सवय झाली की १५.६ वर खिडक्या बदलत बसणं नको होतं. मॉनिटर डोळ्यांच्या उंचीला येतो, मान सरळ राहते, मोठ्या लॅपटॉपने हे होत नाही कारण तो कितीही मोठा असला तरी टेबलालाच चिकटलेला असतो. लाईट गेली तर मॉनिटर बंद पडतो पण लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालू राहतो, न सेव्ह केलेलं काही जात नाही, एवढ्यासाठीसुद्धा घरी डेस्कटॉपपेक्षा मला हे पटतं. पैशाचं म्हणाल तर जुना १२.५ इंची आणि जुना मॉनिटर मिळून साधारण एका बऱ्या १५.६ च्या आसपास किंवा थोडं वर जातं. आठव्या पिढीचे बिझनेस लॅपटॉप सध्या कॉन्फिगरेशन आणि दुकानाप्रमाणे साधारण १५ ते २५ हजारांत दिसतात, नुसत्या आकारामुळे किंमत फार बदलत नाही, स्क्रीन आणि रॅममुळे बदलते.

मोठा कुणी घ्यावा? ज्यांच्या घरी एकच लॅपटॉप आणि वापरणारे चार. माझ्याकडचा मोठा आता तसाच चालतो. सकाळी आई त्यावर पोथी आणि भजनं लावते, दुपारी भाचा ऑनलाईन क्लासला बसतो, संध्याकाळी वडील पेन्शनचं आणि बँकेचं बघतात आणि रात्री सगळे मिळून सिनेमा. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गच्चीत, एवढाच त्याचा प्रवास. तिथे दोन किलो वजनाचं कुणाला काही नाही, स्क्रीन मोठी आहे, आवाज बरा आहे, अक्षरं लांबून दिसतात. आईवडिलांसाठी घेत असाल तर छोट्याचा विचारसुद्धा करू नका. तसंच एका खोलीत राहणारी, मॉनिटरला जागा नसलेली पोरं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, जी सुट्टीतच गावी जातात, त्यांनाही मोठा परवडतो, वर्षातून दोनदा वजन उचलायला काही हरकत नाही.

मग १४ इंची? खूप जण म्हणतात मधला घ्या, आणि फिरणंही आहे पण घरी मॉनिटर नकोच असं पक्कं असेल तर मीही तेच म्हणेन. थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५, या तिन्हींत दोन रॅम स्लॉट, आठव्या पिढीचा प्रोसेसर, वजन दीड किलोच्या आजूबाजूला. टी४८० च्या सुट्या भागांची चणचण नाही, कीबोर्डपासून बिजागरीपर्यंत सगळं मिळतं. पण मॉनिटर घेणारच असाल तर १४ इंचीचं वजन कशाला उचलायचं, हा माझा प्रश्न राहतोच. चेअर कारच्या ट्रेवर १४ बसतो, पण चहा हातात धरावा लागतो.

छोट्यांत शोधायची नावं म्हणजे लॅटिट्यूड ७२९०, थिंकपॅड एक्स२८० (सोल्डर रॅमचं वर सांगितलंय), आणि थोडा मोठा चालत असेल तर १३.३ इंचीचा एलिटबुक ८३० जी५, त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. मोठ्यांत लॅटिट्यूड ५५९०, थिंकपॅड टी५८०, एलिटबुक ८५० जी५.

ही सगळी आठव्या पिढीची सांगतेय त्याला कारण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलमधे मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृत चालतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप स्वस्तात दिसतात, एक्स२६०, एक्स२७०, एलिटबुक ८२० जी३, लॅटिट्यूड ७२७०. मशीन म्हणून उत्तम आहेत, एक्स२७० तर मला मनापासून आवडतो, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकून वाचन-लेखन, ईमेल, व्हिडिओ बघणं यासाठी डोळे झाकून घ्या. पण टॅली आणि सहीचं डाँगल असलेल्यांना विंडोजच लागतं, आणि दुकानदार त्यावर पळवाट काढून विंडोज ११ टाकून देतात, सुरुवातीला चालतं, पुढे मोठं अपडेट आलं की अडकायची शक्यता राहते. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला हे नको. विचारताना "आय-फाईव्ह आहे का" असं विचारू नका, "कितवी पिढी" विचारा आणि सिस्टिम उघडून पूर्ण नंबर वाचा, ८ ने सुरू होणारा चार आकडी.

दुकानात जाताना घाईने जाऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनजवळ, किंवा तुमच्या शहरातली सेकंडहँडवाली गल्ली, कुठेही गेलात तरी चालू लॅपटॉपच बघा. मालाला ए ग्रेड, बी ग्रेड असं म्हणतात, ते फक्त बाहेरच्या ओरखड्यांवरून असतं, आतल्या तब्येतीशी त्याचा संबंध नाही. कव्हरवर ओरखडे असलेला आणि आतून निरोगी बी ग्रेड मी कधीही घेईन.

दादांना नीट सांगायचं, "दादा, बॅटरी रिपोर्ट काढून दाखवता का?" कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट टाईप केलं की फाईल तयार होते, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता दोन्ही दिसतात. निम्म्याच्या खाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे कमी करायला सांगा. एका दुकानात मला "ते काय करायचंय मॅडम, चार तास चालते" म्हणून रिपोर्ट काढू दिला नाही, मी तिथून उठले. पुढच्या दुकानातल्या काकांनी न विचारता काढून दाखवला.

स्क्रीन एकदा पूर्ण पांढरी आणि एकदा पूर्ण काळी करून डाग बघा. झाकण हळूहळू उघडून-बंद करून बिजागरी करकरते का, कोपऱ्यात प्लास्टिक उचललंय का बघा, १५.६ मधे हे जास्त बघा कारण झाकण जड असल्यामुळे बिजागरीवर ताण जास्त येतो. सगळे यूएसबी पोर्ट पेनड्राईव्ह लावून, यूएसबी-सी ला स्वतःचा चार्जर लावून तपासा. डिजिटल सहीचं डाँगल असेल तर सोबतच न्या.

सर्वात महत्त्वाचं, हे लॅपटॉप कंपन्यांच्या ऑफिसातून आलेले असतात. बायोसमधे (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे) जाऊन पासवर्ड मागतो का बघा, मागितला तर घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला की काही फरक पडत नाही तरी. आणि विंडोज नव्याने टाकताना वायफाय जोडल्यावर एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव आणि लॉगिन समोर आलं तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या यादीत आहे, तो त्यांनी सोडल्याशिवाय पूर्णपणे तुमचा होत नाही. ऑफलाईन सेटअप केलेला लॅपटॉप दाखवला तर हे लपून राहतं, म्हणून दुकानातच मोबाईलचा हॉटस्पॉट लावून सेटअप पहिल्यापासून करायला लावा, अर्धा तास जातो, जाऊ दे.

बिल पक्कं घ्या, जीएसटी नंबरसकट. त्यावर मॉडेल, पिढी, रॅम आणि सिरियल नंबर लिहून घ्या, तोच नंबर लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर आणि बायोसमधे आहे ना हे समोरच जुळवा, आणि वॉरंटी किती महिने, त्यात बॅटरी आणि स्क्रीन धरलीय का हे तोंडी न ठेवता बिलावरच लिहायला सांगा.